ठाण्याचे ३७ अंश आणि विदर्भाचे ४४

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापू लागला की विदर्भातील पारा ४४ अंशांवर गेल्याची बातमी छायाचित्रासह पहिल्या पानावर येते आणि आपल्याकडचे ३७ अंश आतल्या पानावर एका ओळीत आटोपतात. ठाण्यात लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या सभेत आणि कारखान्यांच्या आवारातही हीच मोजपट्टी चालते. तिकडे लोक ४५ अंशांत राबतात, मग आपण ३७ अंशांचे काय घेऊन बसलो आहोत, असे सहज म्हटले जाते. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात सुरक्षा विभागात नोकरी करून निवृत्त झालेला एक नागरिक या नात्याने मला असे सांगावेसे वाटते की, ही तुलना चुकीची तर आहेच, शिवाय ती जिवावर बेतणारी आहे.

माणसाचे शरीर गार राहते ते घाम वाळल्यामुळे. नुसता घाम येऊन काही साधत नाही. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत घाम कपाळावर दिसायच्या आत उडून जातो आणि जाताना अंगातील उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे समुद्रावरून आणि खाडीवरून येणाऱ्या हवेत मुळातच इतके बाष्प असते की घाम वाळत नाही, तो ओघळत राहतो, आणि त्यासोबत अंगातील पाणी व मीठ तेवढे निघून जाते. विदर्भात घरोघरी चालणारा कूलर ठाण्यात आणून लावला, तर खोली गार होण्याऐवजी चिकट होते, त्यामागचे कारणही हेच आहे. अमेरिकी हवामान सेवेच्या सूत्राने हिशेब केला, तर ४४ अंश तापमान आणि अवघी १० टक्के आर्द्रता असताना शरीराला सुमारे ४१ अंश जाणवतात; ३७ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असताना मात्र ते जवळपास ४६ अंश होतात, आणि तेही सावलीत. भारतीय हवामान विभागाच्या निकषांतही हा फरक धरलेला आहे. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर होण्यासाठी कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते, तर किनारपट्टीवर ३७ अंश पुरतात. मात्र ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावे लागते.

याचा दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. परिसरातील पारा ३८ अंशांच्या आसपास होता, म्हणजे विदर्भातील माणसाने ज्याला सुसह्य दिवस म्हटले असते तेवढाच. माथ्यावर छप्पर नसलेल्या मैदानावर लाखो माणसे दुपारपर्यंत बसून होती आणि उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत खुल्या मैदानावर कार्यक्रम होऊ न देण्याची भूमिका राज्य सरकारने जाहीर केली होती. ती किती पक्षांच्या आणि मंडळांच्या लक्षात राहिली आहे, हे चैत्र-वैशाखात भर दुपारी चालणाऱ्या कार्यक्रमांकडे पाहून ज्याने त्याने ठरवावे.

आणखी एक समजूत अशी की, खरा उन्हाळा म्हणजे मे महिना. किनारपट्टीवर पारा सर्वांत वर जातो तो बहुधा मार्च-एप्रिलमध्ये, जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटतो तेव्हा. सांताक्रूझ वेधशाळेत मार्च महिन्यातील ४१.७ अंशांचा उच्चांक २८ मार्च १९५६ रोजी नोंदला गेला होता. समुद्रापासून आत असलेल्या ठाणे, कल्याण, बदलापूरला तो वारा आणखी उशिरा पोहोचतो. होळीच्या सुमारास येणारी ही लाट अधिक घातक ठरते, कारण तोवर शरीराला उन्हाची सवय झालेली नसते आणि ती व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात.

हा सवयीचा मुद्दा बांधकामाच्या ठेकेदारांनी आणि मुकादमांनी विशेष लक्षात घ्यावा. उन्हात काम करताना दगावणाऱ्यांमध्ये कामाच्या पहिल्या काही दिवसांतील माणसांचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे गावाहून आलेल्या किंवा सुटीवरून परतलेल्या मजुराला पहिल्याच दिवशी स्लॅबवर पूर्ण पाळी देणे हा शुद्ध अविचार होय. नव्या माणसाकडून पहिल्या दिवशी कामाच्या वेळेच्या एक-पंचमांश इतकेच काम उन्हात करून घ्यावे आणि ते रोज थोडे थोडे वाढवत न्यावे, हा औद्योगिक सुरक्षेतील जुना आणि मान्य संकेत आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या बांधकामांवर सकाळी सहाला काम सुरू करून अकराला थांबवणे आणि चारनंतर पुन्हा हाती घेणे अशक्य नाही. त्यासाठी मजुरांना मधल्या वेळेत टेकायला सावली मात्र द्यावी लागेल.

ठेकेदारांकडे बोट दाखवताना आपल्या फाटकाशी काय चालले आहे, हेही पाहिले पाहिजे. आमच्या वसाहतीच्या रखवालदाराची चौकी फायबरची, जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी आणि पश्चिमेला तोंड करून उभी आहे. दोननंतर ऊन थेट आत यायचे, टेबलपंखा तीच गरम हवा तोंडावर मारायचा आणि खिडकीला अडकवलेला ओला पंचा अर्ध्या तासात कोमट व्हायचा. रखवालदार खुर्ची उचलून भिंतीच्या हातभर सावलीत न्यायचा आणि सावली सरकेल तशी खुर्ची सरकवत राहायचा. बारा तासांच्या पाळीत त्याला चौकी सोडता येत नसे, म्हणून तो पाणी कमी प्यायचा, कारण स्वच्छतागृह मागच्या इमारतीच्या तळाशी आहे. अखेर उपाय झाले: चौकीवर हिरवी जाळी, छताला आतून थर्माकोल, दाराशी माठ आणि दुपारी दर दोन तासांनी पार्किंगच्या सावलीत बसलेल्या दुसऱ्या माणसाशी अदलाबदल, एवढे करायला कार्यकारिणीला विशेष खर्च आला नाही. तो विषय सभेपुढे यायलाच काय ते दिवस लागले. सामान पोहोचवणाऱ्या मुलांनी लिफ्ट वापरू नये, अशी पाटी काही इमारतींत अजूनही आहे. निदान एप्रिल आणि मे महिन्यांपुरती तरी ती उतरवायला काय हरकत आहे?

उष्माघात ओळखण्यातही घोटाळा होतो. अंग कोरडे आणि तापलेले असले तरच उष्माघात, असे पुष्कळांना वाटते. कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला दरदरून घाम सुटलेला असतानाही उष्माघात होऊ शकतो. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाणे आणि मेंदूवर परिणाम दिसणे या त्याच्या मुख्य खुणा आहेत. माणूस असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडू लागला, झोकांड्या खाऊ लागला, त्याला झटका आला किंवा त्याची शुद्ध हरपली, तर त्याला नुसती चक्कर आली आहे असे म्हणून बाकावर आडवे करून सोडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंतचा वेळ वाया घालवू नये. सावलीत नेऊन वरचे कपडे काढावेत, अंगावर भरपूर पाणी ओतावे, पुठ्ठ्याने का होईना सतत वारा घालावा आणि बर्फ मिळाला तर तो कापडात गुंडाळून मान, काख व जांघेत ठेवावा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी इथे काम करत नाही, कारण हा ताप आजाराचा नव्हे. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच्या या पंधरावीस मिनिटांत अंग किती गार झाले, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते, असा आमच्या प्रशिक्षणातील पहिला धडा होता.

पिण्याच्या बाबतीत आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. ताक, पन्हे, कोकम सरबत उत्तमच. पण ओआरएसची नेहमीची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, ती पेलाभर पाण्यात विरघळवू नये, आणि दुकानातील गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी मीठ-पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

दिवसाच्या उन्हाची एवढी चर्चा होते, तशी रात्रीची होत नाही. किसननगर-इंदिरानगरसारख्या दाट वस्त्यांत पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबांना 'दुपारी घराबाहेर पडू नका' हा सल्ला देणे म्हणजे त्यांना भट्टीत बसवणे आहे. पत्रा दिवसभर तापतो आणि भोवतीच्या भिंती रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात, त्यामुळे दिवसा थकलेल्या शरीराला रात्रीही उसंत मिळत नाही. पत्र्याला पांढरा रंग दिल्याने आतील उष्णता कमी होते आणि हा उपाय बऱ्याच जणांच्या आवाक्यातील आहे. पण दुपारी दोन तास बसायला झाडाची सावली मिळणे हा त्याहून साधा उपाय असताना, आमच्या भागातील उद्यानाच्या फाटकाला सकाळची वेळ संपली की कुलूप लागते आणि ते संध्याकाळीच निघते. आत वड-पिंपळाखाली बाके रिकामी, बाहेर पदपथावर भाजीवाल्या बायका छत्री धरून बसलेल्या, असे दृश्य रोज दिसते. शहरासाठी २०२४ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा तयार झालेला आहे. उन्हाळ्यापुरती उद्याने दुपारी उघडी ठेवणे आणि तिथे पिण्याच्या पाण्याची सोय करणे यासाठी नव्या आराखड्याची वाट पाहावी लागू नये.

शेवटी एक विनंती आपल्याला. आपल्या दैनिकात हवामानाच्या चौकटीत कमाल आणि किमान तापमान येते. त्यासोबत दुपारची आर्द्रता आणि प्रत्यक्ष जाणवणारे तापमानही छापावे. हवामान विभागाने २०२३ पासून प्रायोगिक तत्त्वावर असा निर्देशांक देण्यास सुरुवात केली आहे. जागा अपुरी असेल, तर निदान मार्च ते जून या काळात ठाणे आणि नवी मुंबईपुरती ही माहिती द्यावी; मुकादम, शाळेचे मुख्याध्यापक आणि मंडळांचे कार्यकर्ते यांना दुसऱ्या दिवसाचे नियोजन करताना ती उपयोगी पडेल.

कळावे,
आपला एक वाचक,
ठाणे (पश्चिम)