तूप नको, हुलगे पाठव

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई, तू म्हणालीस, "दूध नाही, तूप नाही, मग खातोस तरी काय, पाला?" मागून बाबांचा आवाज आला, "पैसेवाल्यांची थेरं!" तेव्हा उत्तर सुचलं नाही. मी व्हीगन झालोय, म्हणजे दूध-तूप, अंडी-मटण असं जनावरांकडून येणारं काहीच खात नाही. का सोडलं ते घरी आल्यावर बोलू, आज फक्त खाण्याचं लिहितो.

बाबा, पहिल्या महिन्यात तुमचंच खरं ठरलं. बदामाचं दूध आणलं, लिटरला 300 च्या घरात; चहात घातलं तर फाटलं. टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, आणला, तो चिरताना अर्धा विळीलाच चिकटला. वीस तारखेला खिसा रिकामा.

मग एका रविवारी हुलगे भिजत घातले. रात्रभर पाण्यात, सकाळी उपसून फडक्यात बांधले. दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं तर पांढरे मोड फडक्याच्या विणीतून बाहेर आलेले, ओढून काढावे लागले. कुकरला शिट्ट्या दिल्या, लसूण-लाल मिरचीची फोडणी, वर लिंबू. पहिल्या घासाला आजीचे हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे आठवले. त्यात कुठे होतं दूध-तूप? आजी व्हीगनच होती म्हणायची, फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं. (मटणाच्या रविवारी नव्हती, ते सोडा.)

आता महिन्याचा किराणा आणि भाजी मिळून 2500 रुपयांत भागतं. भाकरी, मोडाची उसळ, मेथी नाहीतर अंबाडी, शेंगदाण्याची चटणी. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. हाडांसाठी तीळ आणि नाचणी. नाचणी आपल्या मंगळवेढ्याच्या रानातली नव्हे, पण इथे मिळते. वजनाला वजन धरलं तर तिच्यात दुधाच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम. सगळं अंगी लागत नाही म्हणा. जेवणावर लगेच चहा मात्र बंद केलाय, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. तेच सगळ्यात जड गेलं.

एक उणीव आहे, लपवत नाही. बी-12 हे जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घेतो. आणि आई, तुझ्या तळपायांना मुंग्या येतात ना? साखरेसाठी तू मेटफॉर्मिन किती वर्षं घेतेस! त्या गोळीनेही बी-12 कमी होऊ शकतं. तू रोज दूध पितेस, तरी एकदा रक्त तपासून घे. बाबा, येत्या आठवड्यात तिला घेऊन जा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

शनिवारी दादा गाडी घेऊन येतोय. त्याच्याबरोबर तुपाची बरणी देऊ नकोस, ती तुम्हालाच राहू दे. दोन किलो हुलगे दे, जमलं तर मालदांडी ज्वारीची पायली, आणि कारळ्याची चटणी. लसूण सढळ हाताने घाल.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबांनी हे वाचून पुन्हा "थेरं" म्हटलं तर मला कळव.