नव्या डेस्कटॉपचे ९५ अंश

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या डेस्कटॉपचा प्रोसेसर ९५ अंशांवर गेल्याचा स्क्रीनशॉट पाहिला. लगेच कुलर (प्रोसेसरवर बसवलेला, त्याला थंड ठेवणारा भाग) बदलायला निघू नकोस. तुझ्या रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसरसाठी ९५ ही तो बनवणाऱ्या एएमडीनेच ठरवलेली मर्यादा आहे. पूर्ण लोडवर हा प्रोसेसर कुलरला झेपेल तितकी वीज ओढतो आणि ९५ला पोचला की वेग जरा उतरवून तिथेच राहतो. म्हणून नुसत्या तापमानावरून काही ठरत नाही. त्याच क्षणी वॅट किती, ते हवं. आणि नेमकं तेच तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये नाही.

एचडब्ल्यूइन्फो या मोजमापं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फक्त सेन्सर्स उघड आणि सिनेबेंच या प्रोसेसर तपासणाऱ्या प्रोग्रॅमची मल्टिकोर टेस्ट १० मिनिटं चालव. ‘सीपीयू पीपीटी’ची ओळ बघ, म्हणजे प्रोसेसर त्या क्षणी किती वॅट ओढतोय ते. या चिपची कमाल १४२ वॅट. ९५ अंशांवर १३०च्या पुढे वॅट जात असतील तर कुलर चोख आहे, विषय संपला. पण ९५ अंशांवर जेमतेम ७०-८० जात असतील तर गडबड आहे. मग तापमान कसं चढतं ते बघ. टेस्ट सुरू होताच दोन-तीन सेकंदांत ९५ गाठलं, तर कुलर प्रोसेसरला नीट टेकलेला नाही. चार-पाच मिनिटं हळूहळू चढत गेलं, तर दोष कॅबिनेटमधल्या हवेचा.

टेकण्याचा दोष असेल तर कुलर उतरवावा लागेल. आधी पाच मिनिटं लोड देऊन पेस्ट (प्रोसेसर आणि कुलर यांच्यामधला, उष्णता पोचवणारा लेप) मऊ होऊ दे, मग मशीन बंद करून एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, वायर काढ. कुलर सरळ वर खेचू नकोस. डावी-उजवीकडे किंचित फिरवून सोडव. प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटची दांडी उघडायची नाही, त्याखालच्या पिना केसासारख्या नाजूक असतात. आता कुलरचा तळ बघ. पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच राहिलेली असते, हे नव्या जोडणीत सर्रास घडतं. फिल्म नसेल तर पेस्टचा ठसा बघ: एका कडेला जाड थर आणि दुसऱ्या कडेला पातळ, म्हणजे स्क्रू एका बाजूने आधी आवळले गेले.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही पृष्ठभाग पुसून घे. मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. स्क्रू आलटून पालटून, प्रत्येकी दोन-तीन फेरे, थांबेपर्यंत. महागड्या पेस्टने फार तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो; वाकडा बसलेला कुलर वीसही खातो.

हवेचा संशय असेल तर कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तीच टेस्ट कर. इथे एक गोम आहे: तापमान ९५च दिसत राहील, पण वॅट वाढतील. वाढले, तर कॅबिनेट कोंडलेलं आहे. फॅनच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या पट्ट्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे फॅन आत, मागचा बाहेर, आणि कुलरच्या फॅनची हवा मागच्या फॅनच्या दिशेने जायला हवी. कुलरची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनेवरच हवी, नाहीतर फॅन प्रोसेसरच्या तापमानाप्रमाणे धावेलच याचा भरवसा नाही.

रिकामं असताना ४५-५० आणि ब्राउझर उघडताच क्षणभर ६५, हे या चिपला सामान्य आहे. त्यामुळे फॅन सारखा घोंघावत असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) त्याचा प्रतिसाद तीन-चार सेकंदांनी लांबव.

सगळं नीट असूनही नागपुरात मे महिन्यात खोली ४०ला जाणारच, आणि खोलीचा प्रत्येक अंश प्रोसेसरच्या वाट्याला येतो. तेव्हा बायोसमध्ये ६५ वॅटचा इको मोड लाव. नाव ६५चं असलं तरी त्याने पीपीटीची मर्यादा १४२वरून ८८ वॅटवर येते. गेममध्ये फरक जाणवणार नाही, व्हिडिओ रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल. मला हा सौदा पटतो.

टेस्टचा पीपीटी आकडा आणि फॅनचा वेग दिसेल असा फोटो पाठव.

तुझा,
बाबा