स्वभावावर खापर फोडण्याआधी साखर तपासा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील पुरुषांच्या लैंगिक तक्रारी आणि स्वभाव यांविषयीचा लेख दोनदा वाचला. काल दिवसभर तो डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहीत आहे. असा विषय उघडपणे छापलात, त्याबद्दल मनापासून आभार. पण ‘काळजी सोडा, सगळे ठीक होईल’ हा त्याचा सूर मला सहन झाला नाही.

माझ्या यजमानांना बावन्नाव्या वर्षी ताठरता न टिकण्याची अडचण सुरू झाली. सहा महिने ते माझ्याशीही बोलले नाहीत. मला वाटत राहिले, माझ्यातच काही कमी आहे. शेवटी मीच त्यांना दवाखान्यात नेले आणि बाहेर बाकावर बसून राहिले. डॉक्टरांनी ना रक्तदाब पाहिला, ना साखर तपासायला सांगितली. ‘तुमचा स्वभावच काळजीखोर आहे, मनातून काढून टाका, चार दिवस महाबळेश्वरला जाऊन या,’ एवढेच सांगितले. आम्ही जाऊन आलो. परतल्यावर हे आणखी गप्प झाले, कारण आता दोषही त्यांचाच ठरला होता.

तीन वर्षांनी एका पहाटे छातीत दुखू लागले. साखर तीनशेच्या वर निघाली आणि बायपास करावी लागली. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी यांना सरळ विचारले, ‘ती तक्रार कधीपासून आहे?’ मग त्यांनीच समजावले. हृदयाच्या रक्तवाहिन्या ३ ते ४ मिलिमीटर रुंद, तर लिंगाच्या १ ते २ मिलिमीटर. म्हणून खराबी आधी तिथे जाणवते, पुष्कळदा हृदयाच्या दुखण्याआधी २ ते ५ वर्षे. आम्हाला तीन वर्षे मिळाली होती आणि ती ‘स्वभाव’ या एका शब्दात गेली.

स्वभावाचा संबंध नाही, असे मी म्हणत नाही. मी विज्ञान शिकवले आहे. भीतीने ॲड्रेनॅलिन वाढले की रक्तवाहिन्या आकसतात आणि ताठरता टिकत नाही; एकदा फजिती झाली की पुढच्या वेळी तीच भीती आधी येऊन बसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या पाहणीत ४० ते ७० वयाच्या निम्म्याहून अधिक पुरुषांत ही तक्रार कमी-अधिक प्रमाणात आढळली, आणि दबून राहणाऱ्या स्वभावाच्या पुरुषांत ती नव्याने उद्भवण्याचे प्रमाण जास्त दिसले. हे वाचून मला यांचा चेहरा आठवला. उभ्या आयुष्यात यांनी कोणाला उलट उत्तर दिलेले नाही. पण त्याच पाहणीत मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांचाही संबंध दिसला होता. लेखात तो एका ओळीत उरकला आहे.

आणि दबून राहणाऱ्या माणसाचे खरे नुकसान कुठे होते, ते मी पाहिले आहे. डॉक्टर ‘स्वभाव’ म्हणाले आणि यांनी मान हलवली. दुसऱ्या एखाद्याने ‘रक्त तरी तपासा’ असा हट्ट धरला असता. अशा माणसाने तुमचा लेख वाचला, तर तो पुन्हा मानच हलवेल. म्हणून विनंती आहे, पुढच्या अंकात ठळकपणे छापा: आधी साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, मग समुपदेशन.

आणखी एक. त्याच पानाच्या तळाशी ‘सात दिवसांत गेलेली ताकद परत’ अशी जाहिरात होती. अशा जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. त्या पुड्यांत कधी कधी सिल्डेनाफिल या ताठरतेच्या औषधाची चोरटी भेसळ सापडते. यांच्यासारखा, छातीत दुखल्यावर जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणारा माणूस ती घेईल, तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतेल. वर डॉक्टरांचा लेख आणि खाली हे, असे कसे छापता?

यजमानांनी हे पत्र वाचले आणि ‘पाठव’ म्हणाले. नाव मात्र छापू नये, ही विनंती.

– एक वाचक, सांगली