गेटची वेळ ओहोटीला विचारून ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या अमावास्येला माझी मोठी जाऊ खाडीच्या बाजूला अडकली. वय त्रेसष्ट. चार वाजता चिंबोऱ्या आणि निवट्या (चिखलातल्या बिळात राहणारे मासे) धरायला गेली होती. चिखल तुडवत परत येईस्तोवर सव्वासहा झाले. खाडीच्या वाटेवरचं गेट सहाला बंद होतं. रखवालदार तिथेच होता, पण कुलूप लावून किल्ली कार्यालयात जमा करायची असा नियम. तो बिचारा फोनवर फोन लावत होता, कुणी उचलत नव्हतं. थंडीचे दिवस, अंधार पडला, मागे पाणी चढायला लागलेलं. शेवटी जाऊबाई गेटवर चढल्या. वरच्या टोकदार पट्टीने तळहात फाटला, चार टाके पडले. घरी आल्या तेव्हा हाताला पदर गुंडाळलेला होता आणि कमरेची पिशवी तशीच बांधलेली. सात चिंबोऱ्या, सगळ्यांच्या नांग्या बांधलेल्या. त्या तेवढंच म्हणाल्या, "पानी काय घर्‍याल बगून उतरतं का गो?"

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझं माहेर आणि सासर दोन्ही ठाणे खाडीच्या काठचं, नवी मुंबईच्या उत्तर टोकाचं. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली हा पट्टा बाहेरच्या माणसाला कारखान्यांचा आणि आता काचेच्या इमारतींचा वाटतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाताना खाडी दिसत नाही, म्हणून ती लक्षातही येत नाही. पण आमच्या गावात अजून चाळीसेक बायका ओहोटीवर पोट भरतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. गेटला आमचा विरोध नाही. रात्री-अपरात्री डेब्रिजचे डंपर यायचे आणि तिवरांवर राडारोडा ओतून जायचे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनं तोडायला राज्यभर बंदी घातली, भोवतालचा पन्नास मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. तरीही डंपर येतच होते. गेट बसल्यापासून ते थांबले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गेट राहू दे. प्रश्न पाटीवर लिहिलेल्या वेळेचा आहे: सकाळी ८ ते संध्याकाळी ६.

ही वेळ ज्याने ठरवली त्याला खाडीचं गणित कुणी सांगितलेलं नसावं. ते मी सांगते, कारण ते मला वडिलांनी पाटीवर शिकवलं होतं. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. वडील म्हणायचे, पाऊणकी आली की भरती आली. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी बारा-साडेबाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचच्या पुढे. खाडीत आत असल्यामुळे आमच्याकडे त्याहून थोडा उशीर होतो. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघितली की झालं.

आता हे गेटच्या पाटीशेजारी ठेवून बघा. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. भर दुपारी गेट सताड उघडं, पण चिखल उघडा पडत नाही, म्हणून बायका जातच नाहीत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब उतरतं, आणि एरवी पाण्याखाली असलेली जागा तास-दीड तास मोकळी होते. खरी कमाई त्या दिवसांची. त्यातही अमावास्येची चिंबोरी भरलेली असते असं आमच्याकडे सगळे मानतात आणि गिऱ्हाईकही त्याच दिवसांत जास्त भाव देतं. नेमक्या त्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला गेट बंद असतं, आणि संध्याकाळच्या ओहोटीला पाणी तळाला गेलं की परत फिरावं लागतं. महिन्यातले जे सात-आठ दिवस कामाचे, तेच या पाटीने काढून घेतले आहेत.

हे काम घाईने होत नाही. निवटीच्या बिळाला दोन तोंडं असतात. एकावर टाच रोवायची, दुसऱ्यातून हात कोपरापर्यंत घालायचा आणि बोटांना शेपटी लागेपर्यंत वाट बघायची. ओढायची घाई केली की ती निसटते. चिंबोरी आकडीने बाहेर काढायची, पाठीवर पाय ठेवायचा, नांग्या बांधायच्या, नाहीतर बोट जातं. मांडीइतक्या चिखलातून पाऊल उपसत चालायला अर्धा तास जायला आणि अर्धा तास यायला लागतो. आम्ही लहान असताना आई शिवल्या (शिंपल्या) टोपलीभरून आणायची. त्या आता आमच्या बाजूला दिसत नाहीत. जे उरलं आहे ते धरायला तरी वेळ मिळावा.

कुणी म्हणेल, प्रत्येक कार्यालयाने तिथी बघून दारं उघडायची का? माझं उत्तर आहे, या शहराची दारं आजही तशीच उघडतात. नवी मुंबई खारजमिनीवर, बरीचशी भरतीच्या पातळीखाली वसवली आहे. म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव बांधले गेले. भरती आली की त्यांची झडपं बंद होतात आणि खाडीचं पाणी शहरात शिरत नाही. ओहोटी लागली की झडपं उघडतात आणि साठलेलं पाणी बाहेर जातं. त्याआधी आमच्या शेतांच्या बांधांना उघाड्या होत्या, त्यांचंही काम तेच. भरती-ओहोटीप्रमाणे दार चालवणं या मातीत नवीन नाही.

आणि कारखान्यांनाही ते जमलं होतं. १९६२ साली एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झालं आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या खाजणांवर आणि शेतांवर रसायनांचे कारखाने उभे राहिले. माझे वडील त्यातल्याच एकात बॉयलरवर होते. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात अशा पाळ्या. भोंगा झाला की आई चुलीवर चहा ठेवायची. पगार मिळायला लागला म्हणून खाडी सुटली नाही. आमच्या गावचे पाच-सहा जण एकाच खात्यात होते. त्यांचे फोरमन कोल्हापूरकडचे, समुद्र उभ्या जन्मात न पाहिलेले. वडिलांनी त्यांना पाऊणकी समजावून सांगितली. त्यानंतर त्यांनी केबिनमधल्या कॅलेंडरवर उधाणाच्या तारखांना लाल पेन्सिलीने गोल करायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी आमच्या माणसांना आपापसात पाळ्या बदलायची मुभा दिली. उत्पादन एक दिवस थांबलं नाही. वडील निवृत्त झाले तेव्हा ते कॅलेंडर त्यांनी मागून आणलं. आईने ते बरीच वर्षं ट्रंकेत ठेवलं होतं.

खाडीचं संरक्षण व्हायलाच हवं. २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. आम्हाला त्याचा अभिमान आहे. मी माझ्या वर्गातल्या मुलांना पक्षी दाखवायला काठावर नेत असे. पण रामसर करारातसुद्धा पाणथळ जागेचा विचारपूर्वक वापर मान्य केलेला आहे. हाताने बिळातून निवटी काढणाऱ्या बाईइतका जपून वापर दुसरं कोण करतं? तिच्याकडे ना इंजिन, ना जाळं. शिवाय डंपर आला तर सगळ्यात आधी तिलाच दिसतो. गेट बसण्यापूर्वी तक्रारी करायला याच बायका गेल्या होत्या.

यात खर्चाचा प्रश्नही नाही. रखवालदार चोवीस तास तिन्ही पाळ्यांत असतोच. पहाटे चारलाही तो खुर्चीत बसलेला असतो. किल्ली त्याच्याकडे ठेवायची, एवढंच. ज्या बायका कायम जातात त्यांची नावं गावाकडून घ्या, ओळखपत्रं द्या, जाताना-येताना वहीत सही घ्या. मोठी गाडी आत जाऊ नये म्हणून मोठं गेट बंदच ठेवा आणि बाजूला माणूस जाईल एवढी दिंडी करा. पंधरवड्याच्या ओहोटीच्या वेळा लिहिलेला फळा मी स्वतः करून द्यायला तयार आहे.

आपल्याकडेही एक मागणं आहे. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असली की आपलं दैनिक पहिल्या पानावर वेळ छापतं, आणि ते योग्यच आहे. तशी रोजच्या पंचांगाशेजारी ओहोटीची वेळही एका ओळीत छापावी. आमच्या गावात तिचा उपयोग होईल, आणि ज्यांच्या हातात किल्ल्या आहेत त्यांच्याही ती नजरेखाली राहील.

पुढची अमावास्या आठ दिवसांवर आली आहे. जाऊबाईंचे टाके निघाले आहेत आणि त्या जाणार आहेत. त्या संध्याकाळी किल्ली गेटवर असावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई