इंग्लंडच्या खेड्यात रस्त्याची धास्ती नको, पार्किंगची ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली आपल्याकडचे अनेक आईवडील मुलांना भेटायला इंग्लंडला जातात. लंडन बघून झालं की भाड्याची गाडी घेऊन लेक डिस्ट्रिक्ट, डेव्हन, कॉट्सवोल्ड्स अशा ग्रामीण भागांकडे निघतात. भारतीय परवान्यावर तिथे उतरल्यापासून १२ महिने मोटार चालवता येते, वाहतूकही डावीकडूनच असते. तरी निघण्याआधी सगळ्या घरात चर्चा होते ती अरुंद रस्त्यांची. यंदा उन्हाळ्यात लेक डिस्ट्रिक्टमध्ये मुलाबरोबर आलटून पालटून गाडी चालवल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की धास्ती घ्यायचीच तर पार्किंगची घ्यावी.

रस्ते अरुंद आहेत, हे खरं. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, एकच गाडी जाईल एवढी वाट, आणि वळणापलीकडून ट्रॅक्टर. हार्डनॉट खिंडीत तर चढ काही ठिकाणी तीनास एक, म्हणजे तीन फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा आहे. पण या रस्त्यांवर थोड्या थोड्या अंतरावर ‘पासिंग प्लेस’ म्हणजे बाजूला सरकण्यापुरती रुंद जागा केलेली असते. ती आपल्या डावीकडे असेल तर आत घ्यायचं. उजवीकडे असेल तर आपण तिच्यासमोर थांबायचं आणि समोरच्याला तिच्यात शिरू द्यायचं. जागा मागे राहिली असेल तर निमूटपणे गाडी मागे घ्यायची. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे वरंधा किंवा आंबेनळी घाटात गाडी चालवलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. एक गोष्ट मात्र आपल्या उलट आहे. समोरच्याने डिपर मारला तर आपण समजतो की तो घुसणार. तिथे बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘तुम्ही या आधी’ असा असतो. गाडी गेली की दोघंही हात वर करतात. हॉर्न फारसा कानावर पडला नाही. अनोळखी माणसाला इतक्या सहज सामावून घेणारी वाहतूक मी दुसरीकडे पाहिलेली नाही, आणि तिचं मला मनापासून कौतुक आहे.

पांढऱ्या गोलात काळी तिरकी पट्टी दिसली की अशा रस्त्यावर कमाल वेग ताशी ६० मैल, म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटर. तो गाठायचा नसतो; स्थानिक लोकही तिथे बहुधा त्याहून बरीच हळू चालवतात. घोडेस्वार दिसला तर वेग ताशी १० मैलांच्या आत आणून, दोन मीटर अंतर ठेवून पुढे जायचं.

हे सगळं सौजन्य गाडी उभी करायची वेळ आली की संपतं. पासिंग प्लेसमध्ये किंवा शेताच्या फाटकासमोर गाडी लावायची नाही, आणि ते योग्यच आहे. मग उरतो पैसे भरून लावायचा वाहनतळ. आम्ही गेलो त्या खासगी वाहनतळावर नाण्यांचं यंत्र बंद होतं, ॲपवरून पैसे भरा अशी पाटी होती, आणि त्या दरीत मोबाइलला रेंज नव्हती. विचारायला माणूस नाही. आत येणाऱ्या गाडीचा नंबर टिपणारा कॅमेरा मात्र चालू होता. दंडाची नोटीस आधी गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे गेली. त्यांनी आमचं नाव कळवलं आणि त्या कामाचे पैसे वेगळे कापले. नोटीस मुलाच्या घरी पोहोचली तेव्हा आम्ही साताऱ्यात परतलो होतो.

अशी खासगी आकारणी १०० पौंडांपर्यंत असू शकते, म्हणजे आपले दहा हजारांहून जास्त. पैसे भरायची तयारी असलेल्या माणसाला भरायचा मार्गच न ठेवता दंड करणं हा अन्याय आहे. स्मार्टफोन न वापरणारे तिथले म्हातारे लोकही हेच म्हणतात. मोबाइलचं थ्रीजी जाळं बंद झाल्यावर काही कौन्सिलांनी, म्हणजे तिथल्या नगरपालिकांनी, त्यावर चालणारी पैसे भरायची जुनी यंत्रं काढूनच टाकली, त्यामुळे अडचण वाढली आहे.

जाणाऱ्यांनी म्हणून एवढं करावं. ॲप घरच्या वायफायवर आधीच उतरवून कार्ड जोडून ठेवावं, खिशात एक-दोन पौंडांची नाणी असू द्यावीत, आणि यंत्र बंद असेल तर त्याचा व पाटीचा वेळेसकट फोटो काढून शक्यतो दुसरी जागा शोधावी. नोटीस आलीच तर आधी बघावं, ती कौन्सिलची आहे की खासगी कंपनीची. कौन्सिलचा दंड १४ दिवसांत भरल्यास निम्मा होतो. खासगी कंपनीने तक्रार फेटाळली तर पॉपला किंवा आयएएस या खासगी पार्किंगची अपिलं ऐकणाऱ्या संस्थांपैकी ती कंपनी जिच्याशी जोडलेली असेल तिच्याकडे विनाशुल्क अपील करता येतं. नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेच्या सभासदांना ट्रस्टच्या बहुतेक वाहनतळांवर पैसे पडत नाहीत, आणि लेक डिस्ट्रिक्टमध्ये असे वाहनतळ पुष्कळ आहेत. बोनेस ते ग्रासमियर एवढंच बघायचं असेल तर ५९९ क्रमांकाची बस आहे. गाडी मुक्कामीच ठेवावी.

इंग्लंडच्या सहली आखणाऱ्या आपल्याकडच्या संस्था प्रवाशांना व्हिसा आणि विम्याची माहिती देतात. त्यांनी पार्किंगचं हे एक पान त्यात जोडावं, आणि आपल्या पर्यटन पुरवणीनेही या विषयाला जागा द्यावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
सातारा