ऑगस्टच्या पावसात झेंडा अडकतो तो का?

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

स्वातंत्र्यदिन तोंडावर आला की देशभक्तीवर लेख येतात, ते यावेतच. पण त्या दिवशी सकाळी सोसायट्यांच्या आणि शाळांच्या आवारात जी फजिती होते, तिच्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. प्रमुख पाहुणे दोरी ओढतात. पाकळ्या घालून, घडी करून वर बांधलेले झेंड्याचे पुडके हलते, पण सुटत नाही. पुन्हा हिसका. तेवढ्यात मागून कुणीतरी 'जन गण मन' सुरू करते आणि न उघडलेल्या गाठोड्याकडे पाहत सगळे सावधान उभे राहतात. मग शिडी, मग वॉचमन.

यात हलगर्जीपणापेक्षा पावसाचा दोष मोठा. २६ जानेवारी आणि १ मे या दोन्ही झेंडावंदनांना हवा कोरडी असते, म्हणून तीच गाठ तेव्हा मुकाट्याने सुटते. ऑगस्टमध्ये आदल्या संध्याकाळी बांधून वर चढवलेले पुडके रात्रभर भिजते. सुती दोरी पाणी पिऊन फुगते आणि गाठ आवळते. कापडाच्या घड्या एकमेकींना चिकटतात, पाकळ्यांचा लगदा होतो. कप्पी लोखंडी असेल तर मे महिन्यानंतर तिला कुणी तेल दिलेले नसते, त्यामुळे अर्धा जोर गंजातच जातो. नायलॉनची दोरी फुगत नाही हे खरे, पण ती गुळगुळीत असल्यामुळे गाठ वाऱ्यानेच सैल होते आणि पाहुणे यायच्या आधी झेंडा उलगडून बसतो.

म्हणून सांगणे एवढेच की १५ ऑगस्टला पुडके बांधूच नये. झेंडा उघडाच ठेवून खालून वर चढवावा. स्वातंत्र्यदिनाची रूढ पद्धतही तीच आहे; वर बांधून ठेवलेला ध्वज उलगडणे हा प्रजासत्ताकदिनाचा रिवाज. ध्वजात पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची, म्हणजे झेंड्याविषयीच्या सरकारी नियमांची, हरकत नाही, पण सक्तीही नाही. ध्वज झपाझप चढवावा आणि उतरवताना सावकाश उतरवावा, असे मात्र संहितेत स्पष्ट आहे. उघडा झेंडा दोन्ही हातांनी दोरी ओढत वर नेला की ही अट आपोआप पाळली जाते.

त्यासाठी तयारी अगदी थोडी लागते. ध्वजदोरीची लांबी खांबाच्या उंचीच्या दुप्पट आणि वर चार-पाच फूट जास्त हवी. पंधरा फुटी खांबाला पस्तीस फूट दोरी घ्यावी. झेंड्याच्या खांबाकडच्या कडेला जाड पांढऱ्या कापडाची पट्टी शिवलेली असते आणि तिच्यातून दोरी गेलेली असते. चांगल्या झेंड्याला केशरी टोकाकडे लाकडी गुटका असतो. तो वरच्या फाशात अडकवायचा, हिरव्याकडचे टोक खाली बांधायचे. गुटका असला तर झेंडा उलटा लागण्याची भीती जवळजवळ उरत नाही. स्वस्तातल्या झेंड्यांना तो नसतो, फक्त दोन नाड्या असतात. उलट्या झेंड्याचे फोटो दरवर्षी फिरतात, त्याचे मूळ बहुधा या नाड्यांत असते. अशा वेळी वरच्या नाडीला आदल्या दिवशीच केशरी दोरा गुंडाळून ठेवावा. खालचे टोक ताणून बांधावे, नाहीतर वाऱ्याने झेंडा वर सरकतो आणि गोळा होऊन कप्पीत अडकतो.

पुडक्याशिवाय समाधानच होत नसेल तर ते निदान सकाळी बांधावे. पाकळ्या कोरड्या, मूठभर, झेंडूच्या आणि सुट्या. अख्खी फुले नकोत. गुलाबाच्या ओल्या पाकळ्यांचे डाग खादीवरून जात नाहीत. दोरीचे दोनच वेढे, एकावर एक न चढवता शेजारी शेजारी घ्यावेत आणि शेवटी सुरगाठ मारावी. कोणते टोक ओढायचे ते पाहुण्यांच्या हातात द्यावे, कारण दुसरे ओढले की सुरगाठीची निरगाठ होते. एकदा जमिनीवर ओढून बघावे आणि मगच वर न्यावे. तरीही अडकलेच तर हिसके देऊ नयेत, ओल्या गच्चीवर ॲल्युमिनियमची शिडी लावून कुणाला चढवू तर मुळीच नये. पुडके खाली घ्यावे, सोडावे आणि उघडा झेंडा वर न्यावा. फार तर दोन मिनिटे जातील. राष्ट्रगीत तोवर थांबवायचे, कारण ते झेंडा फडकल्यावर लगेच म्हणायचे असते, आधी नाही. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. स्पीकरवर लावायची इतकी हौस का असते कोण जाणे; पन्नास माणसे उभी असताना तोंडाने म्हणावे.

आता झेंडा विकत घेण्याविषयी. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ ठरलेले आहे. संहितेतला ९०० बाय ६०० मिलिमीटरचा झेंडा सोसायटीच्या बारा-पंधरा फुटी खांबाला शोभतो. त्याची प्रत्येक पट्टी २०० मिलिमीटरची आणि चक्र १८५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे पांढऱ्या पट्टीत वर-खाली जेमतेम साडेसात मिलिमीटर जागा राहते. दुकानातल्या छापील झेंड्यांवर मोजपट्टी लावून पाहा: चक्र निम्म्या आकाराचे, कधी लंबगोल, आरे मोजले तर २४ भरत नाहीत आणि मागच्या बाजूला चक्र दिसतच नाही. डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर विणलेले आणि पॉलिस्टरचे झेंडे चालतात, तेव्हापासून असा माल बोकाळला. नांदेड आणि हुबळी येथे तयार होणारे खादीचे झेंडे महाग पडतात, पण ते वर्षातून दोन-तीनदाच लावायचे असतात आणि नीट वाळवून ठेवले तर टिकतात. ओलाच घडी घातलेला झेंडा जानेवारीत बाहेर काढला की बुरशीच्या ठिपक्यांसकट निघतो.

खरी हेळसांड १५ तारखेनंतर सुरू होते. जुलै २०२२च्या दुरुस्तीमुळे नागरिकांना उघड्यावर दिवसरात्र झेंडा ठेवता येतो. ही मुभा आहे, पण गच्च्यांवर आणि बाल्कन्यांत तिचा अर्थ 'लावला की विसरला' असा झालेला दिसतो. पावसाळी वाऱ्यात सगळ्यात आधी मोकळी कड उसवते, मग धागे लोंबतात, मग हिरव्या पट्टीचा कोपरा फाटतो, आणि गणपती येतात तरी चिंधी तिथेच. फाटलेला किंवा चुरगळलेला झेंडा लावायचा नाही, हे संहितेत सुरुवातीपासून आहे. कार्यक्रमपत्रिकेत 'ध्वजारोहण: हस्ते अमुक' असे ठळक छापतात, त्याच्या खाली 'ध्वज उतरवणार: तमुक, संध्याकाळी सहा' अशी ओळ का नसते? दोन माणसे लागतात: एकाने दोरी सोडायची, दुसऱ्याने झेंडा जमिनीला लागण्याआधी हातात घ्यायचा. मग केशरी आणि हिरवी पट्टी पांढऱ्याच्या खाली दुमडून, दोन्ही बाजूंनी घडी घालत आणून, चक्र वर दिसेल असे ठेवायचे.

निकामी झालेला झेंडा कचऱ्यात टाकता येत नाही. तो अखंड, खासगीत, शक्यतो जाळून किंवा अन्य सन्मानाच्या मार्गाने नष्ट करावा असे संहिता सांगते. खादी किंवा सुती कापडाची पंधरा मिनिटांत राख होते. पॉलिस्टर मात्र वितळून ठिबकते आणि काळा धूर सोडते, म्हणूनही ते घेऊ नये असे माझे मत. मुलांच्या हातातले कागदी झेंडे कार्यक्रम संपताच दारातच एका खोक्यात परत घेतले तर रस्त्यावर पायदळी येणार नाहीत. प्लॅस्टिकचे झेंडे शाळांनी आणूच नयेत.

मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन लगेच असते. तेव्हाही पाऊस असतोच, तेव्हा तिथल्या शाळांनी कप्पीला तेल, नवी दोरी आणि गुटक्याचा झेंडा यांची सोय आत्ताच करून ठेवलेली बरी.

आपला,
एक वाचक, नाशिक