अण्णा, तुम्ही काट्याची वही मागितलासा म्हणून सुटलं

अण्णा नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "असू दे रे" म्हणून विषयच मोडता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलोय.

साखर कारखान्याच्या काट्यावर वजनाची स्लिप काढणारी ती पर्लची (प्रोग्रॅमिंगची भाषा) स्क्रिप्ट माझीच. जानेवारीपर्यंत गप चाललेली, आणि हंगाम उतरायला लागला तसा एखाद्या सकाळी एरर, स्टेटमेंट हॅज नो रिझल्ट कॉलम्स टू बाइंड, म्हणजे व्हेरिएबलला जोडायला (बाइंड करायला) डेटाबेसकडनं आलेले कॉलमच नाहीत. रोज नाही हं, आज आला की दोन दिवस गायब. रिस्टार्ट मारलं की चालू, खरं तोवर दारात ट्रॅक्टरांची रांग आणि ड्रायव्हर माझ्या नावानं शिमगा करायलेत. मी आपला सिलेक्टमधले कॉलम आणि बाइंडचे व्हेरिएबल मोजत बसलेलो, नऊला नऊ, टेबलात कुणी नवा कॉलम घातलाय का तेही बघून झालं.

निपाणीत तुमच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडला तर तुम्ही कोड बघितलाच नाही. "काट्याची वही आणलास काय?" म्हणजे कुठली गाडी किती वाजता काट्यावर आली ती नोंदवही. मला मनातून हसू आलेलं, माफ करा. मग पेन्सिलनं एररच्या तारखांवर टिक केलासा, आणि प्रत्येक टिकेच्या आदल्या रात्री शेवटची गाडी आठाच्या आत गेलेली! सकाळची पहिली साडेसहाला. आमचा डेटाबेस मायएसक्यूएल, तो तर 28800 सेकंद, म्हणजे 8 तास, कनेक्शन गप बसलं की तोडून टाकतंय. हंगाम जोरात होता तेव्हा रात्रभर गाड्या, कनेक्शन जागंच.

प्रीपेअर (क्वेरी तयार करणं) पास व्हायचं कारण ते सर्व्हरपर्यंत जातच नाही, फेल व्हायचं एक्झिक्यूट (क्वेरी चालवणं), आणि लॉगची ओळ मी फक्त बाइंडनंतर घातलेली. खरा मेसेज, सर्व्हर हॅज गॉन अवे, तो मी स्वतःच्या हातानं डेव्ह नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, घालवलेला. वर बाइंडच्या एररपुढं कंसात लिहिलेलंच असतंय की आधी एक्झिक्यूट नीट झालं काय बघा, ते कंसातलं कोण वाचतंय...

आता रेझएरर 1 केलाय, म्हणजे एरर आला की स्क्रिप्ट तिथंच थांबून सांगतीय, प्रत्येक स्लिपच्या आधी पिंग, मेलं असलं तर नवीन कनेक्शन. परवा रविवारी रात्री काटा मोकळाच होता, सोमवारी मी मुद्दाम सहालाच जाऊन उभारलेलो, पहिली गाडी काट्यावर चढली आणि स्लिप टरकन बाहेर.

बेळगावला गेलो की कुंदा आणतो. शुगरचं कारण सांगू नका, काकूंना आवडतोय मला माहीत आहे.